पाइप घालून आवळलेला नट

प्रिय योगू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. आपली बहीण सुषमा सांगते, नाशिकला तिच्या घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला असतोस, ताट तसंच परत जातं. एकच घोकतोस, मी ब्रेक मारला, मी गोपालला मारलं. अरे बाबा, असं नको रे बोलू.

त्या स्टँडपायी आपण किती वाद घातला, आठवतं? गोपालबरोबरच्या कन्याकुमारीपर्यंतच्या सफरीचं सामान बांधलं तर तुझी सायकल उभीच राहीना. एका पायाचा स्टँड कलंडायचा. दूधवाल्यांच्या सायकलला मागच्या चाकाशी असतो तसला बॅगांना अडायचा. शेवटी तू दोन पायांचा आणलास. पायडलमागे, चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांवर पट्टी ठेवून खालून एकच नट. ॲल्युमिनियमच्या नळ्या आहेत, हलक्या हातानंच आवळा, असं दुकानदारानं बजावल्याचं तू मला दोनदा सांगितलंस. मी हसलो. लिंबायतच्या कापड कारखान्यांत बावीस वर्षं लूम दुरुस्त करतोय, मला नट शिकवतोस होय? लूम सारखा हादरतो, म्हणून आम्ही पान्याच्या दांड्यात पाइप घालून, अंगाचा भार टाकून आवळतो. माझ्या हातांना दुसरी पद्धत माहीतच नाही.

तू चहा सांगायला गेलास तेवढ्यात मी पाइप घातला. कट् असा आवाज आला. बघतो तर एक नळी चेपलेली. तुला सांगायला हवं होतं. पण बावीस वर्षांची मिजास ना! मी वरून काळी टेप गुंडाळली आणि गप्प बसलो. तू आलास, बॅगा लादल्यास, सायकल गल्लीत ताठ उभी राहिली. गोपाल आणि तू कसले नाचलात रे! निघताना तो माझ्या पायाही पडला.

पोलिसांनी सोडलेली तुझी सायकल परवा टेम्पोतून आली. सगळे ब्रेक बघत होते. मी टेप सोलली. नळी तिथेच तुटली आहे, मी आवळलेल्या स्टँडच्या पट्टीच्या कडेला. सापुताऱ्याच्या पुढच्या उतारावर आधी नळी गेली, मग चाक आडवं झालं, मग तू पडलास, आणि मागून येणारा गोपाल तुझ्यावर आदळून कठड्यापलीकडे गेला. तुझ्या ब्रेकनं काहीही झालेलं नाही. परवापासून कामावर पाना धरवत नाही, हे हात तोडून टाकावेसे वाटतात.

काल गोपालच्या आईनं, पार्वतीमावशींनी, मला बोलावलं. रडत म्हणाल्या, तुमच्या योगूला मी माफ केलंय, त्याला कळवा. आणि मी मान डोलावून घरी आलो! थू माझ्या जिंदगीवर. तो निरोप मी तुला देणार नाही, योगू. माफ करण्यासारखं तू काही केलेलंच नाहीस. हे पत्र पेटीत टाकून तुटलेली नळी कापून घेऊन त्यांच्याच दारात जातोय. मला पुन्हा भाऊ म्हणू नकोस हवं तर. तेवढं ताट मात्र परत पाठवू नको. जेवी ले रे, भो.

तुझाच,
हेमराज