माझ्या वाट्याची मुलगी

लिहून ठेवणारी मी, घाटावर राहणारी गादीवाली, विधवा, सत्तरीला टेकलेली. डोकं ठिकाणावर आहे. हात कापतो तो वयामुळे. कोणी धाक घातलेला नाही, आणि आता घालून काही उपयोगही नाही.

दस्तलेखक या गावात नवा आहे. त्याने सवयीने 'अमुक हक्कावर पाणी' एवढं लिहिलं आणि मी त्याच्या हातातली लेखणी ओढून घेतली. पुढचा शब्द इथे कोणी बोलत नाही, लिहीत तर नाहीच. नदीच्या तळाशी आमचा देव बसलेला आहे, त्याला आम्ही खालचा धनी म्हणतो. नवस, आरास त्याला कळत नाही. पाणी आणि त्याच्या पुढचा तो, हे दोन शब्द मात्र कळतात. ज्याच्यावर ते बोलले गेले, ते त्याचं झालं.

घर माझ्या मुलीला. खालच्या खोल्यांत घोटाभर पाणी कायमचं आहे, माडी अजून कोरडी आहे. मुलगी उरली नाही तर घर कोणालाच नको, दारं उघडी टाकावीत.

पिंजण, दाभणं आणि सुताची रिळं माझ्या हाताखालच्या बाईला. तिचे टाके तिरके जातात, पण जीव ओतून शिवते.

धाकट्या दिरांना एक गादी. मुलीच्या अंगाखालून काढलेली ही गादी इतक्या उन्हाळ्यांत वाळलेली नाही. त्यांनी तिच्यावर झोपून पाहावं. जाऊबाईंना काही नाही. त्या मला पहिल्यापासून पाण्यात पाहतात. या गावात ही म्हण जपून वापरतात, मी मुद्दाम वापरते आहे.

आता मुलीचं. ठरलेलं लग्न तिने मोडलं, तेव्हा ह्यांनी अंगणात, सगळ्यांदेखत, ते दोन शब्द तिच्यावर उच्चारले. दीर म्हणाले, "बरं केलंस दादा, एकदाची ब्याद गेली." त्या रात्रीच तिचं अंथरूण भिजलं. मग केस वाळेनासे झाले. आता ती बोलायला तोंड उघडते तर आधी पाणी येतं आणि मग शब्द. तरी मला म्हणते, "आई, तू झोप गं. मी कोरडीच आहे."

हे पुजाऱ्याच्या पाया पडले. "रागाच्या भरात बोललो हो!" पुजारी म्हणाला, "त्याला राग कळत नाही, दिलेलं कळतं." ह्यांनी त्यानंतर अन्न टाकलं आणि तसेच गेले. मी त्यांना माफ केलेलं नाही. आठवण मात्र रोज येते.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलगी दोघांची. बापाने दिली ती बापाच्या वाट्याची, अर्धी. मला कोणी विचारलं नव्हतं, मी हो म्हटलं नव्हतं. आपला नसलेला वाटा कोणी कसा देऊन टाकेल? तेव्हा माझ्या वाट्याची अर्धी मुलगी, माझ्या हयातीत आणि माझ्यामागेही, मी तिची तिलाच देत आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा, वरच्याचा की खालच्याचा, हक्क नाही.

पुजाऱ्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, त्याला वाचता येत नाही." ठाऊक आहे. पण माझ्याकडे द्यायला दुसरं काय आहे?

इथल्या रीतीप्रमाणे घेणारीचा अंगठा उठला की दिलेलं पक्कं होतं.

साक्षीदार: शेजारची सुईण (सही). चौकातला कुलूपवाला (सही).
स्थळ: राहत्या घराची माडी.
दिनांक: पूर ओसरल्यावरचा पहिला कोरडा दिवस, दुपार.
लिहून ठेवणारी: गादीवाली (सही).
घेणारीचा अंगठा: डावा घेतला, मग उजवा घेतला. पुसून, शेकून पुन्हा घेतला. शाई पसरली, कागद भिजला. ठसा उठला नाही. (दस्तलेखक)