परवाना मिळाला, त्याची हकिकत

चि. धाकल्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे ते कळव (थोडक्यात कळव, मागच्या पत्रात दोन पानं नुसता गुडघाच होता). भावजयीला विचारलं म्हणून सांग. ती मला विचारत नाही, तरी सांग.

आता मुद्द्याचं. माशांचा परवाना मिळाला! आनंदाच्या भरात घाईने लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय (एरवीही असंच येतं, पण आज त्याला कारण आहे).

मागच्या दारचं तळं माझ्या लेकाच्या डोळ्यांत किती दिवस खुपतंय ते तुला ठाऊक आहे. त्याला ते बुजवून गाडीसाठी शेड बांधायची आहे. त्याला कुठूनसा शोध लागला की स्वतःच्या तळ्यात मासे सोडायचे तरी सरकारचा परवाना लागतो. जेवता जेवता घास थांबवून म्हणाला, "आई, महिनाअखेर परवाना आण, नाहीतर मी मातीचा ट्रक आणतो." मी म्हटलं, आधी घास गिळ.

नातीकडून नियम वाचून घेतले. सात पानं! तळं ओढ्याला जोडलेलं नको, पाणी बाहेर जातं तिथे जाळी हवी, जागेच्या मानाने मासे किती तेही ठरलेलं. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत, आधी परवाना, मग मासे. आता माझे मासे दोन वर्षांपासून पोहतायत, त्यांना काय बाहेर काढून रांगेत उभं करू? जाळीच्या जागी सुनेची पिठाची चाळण तारेने बांधली (ती अजून शोधतेय, मीही तिच्याबरोबर शोधते) आणि अर्जात ठोकून दिलं, तळ्यात मासे नाहीत.

परवा तपासनीस साहेब आला. वय कोवळं, बूट पांढरे, हातात मोजायची टेप. तळ्याची लांबी-रुंदी मोजली, चाळणीची भोकं मोजली आणि खूश झाला. मासे नाहीत ना आजी, म्हणाला. मी नाही म्हटलं, पापणीसुद्धा हलवली नाही. पाणी शेवाळाने हिरवंगार, आतलं देवालाही दिसू नये. काम फत्ते झालं होतं रे. पण माझा पाहुणचार उतू गेला. तिथेच काठावर खुर्ची दिली, स्टीलच्या पेल्यात चहा दिला, साखर तळाशी बसली होती म्हणून चमच्याने चांगली खणखण ढवळून दिली.

धाकल्या, माशांना मी रोज खायला बोलावते ते पेल्यावर चमचा वाजवूनच.

सगळी फौज वर आली. तोंडं उघडी, शेपट्या आपटतायत, पांढऱ्या बुटांवर शेवाळ. लेक मागच्या पायरीवर उभा, त्याच्या चेहऱ्यावर शेडचे पत्रे चकाकायला लागलेले. साहेबाने माझ्याकडे पाहिलं, चहा एका घोटात संपवला आणि पेला स्वतः वाजवला. पुन्हा वाजवला. मग काठावर उकिडवा बसून बोटाने मोजायला लागला. म्हणाला, "आजी, आम्ही दिवसभर जाळी टाकतो तरी मोजणी होत नाही, आणि तुमचे हजेरीला येतात." एकशे बारा भरले. नियमाने एकशे वीस चालतात. खोटं लिहिल्याबद्दल मला पोटभर बोलला, अर्ज फाडला, नव्या अर्जावर 'मासे आहेत' असं माझ्याच हाताने लिहून घेतलं आणि वर शिक्का मारला. लेक दुपारी जेवला नाही. (संध्याकाळी दुप्पट जेवला.)

घरातल्या लहानथोरांना आशीर्वाद.

तुझी, अजून तळं असलेली,
ताई

ता. क. : मासे परवान्याआधीच सोडलेले, म्हणून परवाना सध्या पंधरा दिवसांचाच आहे. मासे ज्याच्या तळ्यातून आणले त्याच्याकडेही परवाना निघाला तरच माझा पक्का होणार, नाहीतर तळं रिकामं आणि ट्रक दारात. कुठून आणले विचारल्यावर मी तुझं नाव आणि पत्ता दिला. एका दिवसात दोनदा खोटं बोलायचं माझं वय राहिलं नाही.

ता. क. दुसरा : तू परवाना काढलेला नाहीस हे मला ठाऊक आहे. अर्ज सोबत पाठवलाय, नातीने फुली मारलीय तिथे सही कर आणि उद्याच्या उद्या कचेरीत नेऊन दे. साहेब गुरुवारी तुझ्याकडे येतोय. रागाच्या भरात केलेली सही चालते, मी त्याला विचारून ठेवलंय.