मंत्राने वेचलेला कापूस

आंजी (मोठी),
२८ सप्टेंबर २०२४

चि. सुरभीस अ. उ. आशीर्वाद.

वि. वि. तुझी कादंबरी मिळाली, वाचून झाली. अर्पणपत्रिकेत ‘आत्यास’ वाचून डोळे भरले. पुढे वाचून कोरडे झाले. फोनवर सांगितले असते तर तू रडली असतीस आणि मी ओरडले असते, म्हणून पत्र.

तुझ्या आधीच्या कथांमधली माणसे मला रस्त्यात भेटली तरी ओळखू आली असती. या जादूच्या राज्यात कोणी भेटलेच नाही. राजकन्या मंत्र म्हणते आणि शेतभर फुटलेला कापूस उडत येऊन गाठोड्यात बसतो. शेतकऱ्याची पोर तू! बोटाला ओरखडा नाही, कमरेला कळ नाही. मग ती जिंकली काय नि हरली काय, मला धाकधूक कशाची?

भाषा मात्र नेहमीसारखी नितळ. तुझ्या बाबांना वाचायला दिले, तर रूपराव मुखपृष्ठ बघता बघताच झोपला.

माया तेवढीच आहे, शब्द तेवढे गोड नाहीत.

तुझी आत्या,
शकुंतला

पुणे,
८ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी तुझा राग आला आणि भूक लागली. इथे सगळे ‘छान’ म्हणाले. शेवटपर्यंत वाचलेस ती तू एकटीच. त्याबद्दल मनापासून आभार.

पण ठरलेला दुसरा भाग मी लिहिणार नाही. दिवाळीनंतर प्रकाशकांना तसे कळवीन. असले लिहिणे माझे काम नव्हे. बाबांना सांग, झोप आणल्याचे पुण्य तरी पदरात पडले.

रागावलेली, तरी तुझीच,
सुरभी

आंजी (मोठी),
१९ ऑक्टोबर २०२४

चि. सुरभीस अ. आ.

काल पहिली वेचणी. रिवाजाप्रमाणे आधी सीतादही केली. शेताच्या कडेला धुऱ्यावर दहीभात ठेवला, काळ्या मातीचे उपकार मानले, मगच बोंडाला हात लावला. तेव्हा तुझ्या पुस्तकातली ती म्हातारी डोकरी आठवली. सगळे राज्य मंत्रावर विसंबलेले, आणि ती एकटीच दहीभात घेऊन शेताकडे निघते. दोन पानांनंतर तू तिला विसरूनच गेलीस.

दुपारी वेचणाऱ्या बाया जेवायला बसल्या, तेव्हा ती दोन पाने वाचून दाखवली. त्यांतली जयवंता हातातला घास विसरली. पाने संपताच माझ्यावरच भडकली, की डोकरीले शेतात एकटी काऊन सोडली, राजकन्येचं राहू द्या, तिचं काय झालं ते सांगा. ज्योत्स्ना म्हणाली, लिहिणारी तुमचीच भाची आहे नं बाई, तिलेच विचारजा.

म्हणून विचारते. प्रकाशकांना काही कळवू नकोस. दिवाळीला ये, कमरेला कापसाची ओटी बांध आणि बायांबरोबर वेच. अर्धे रान बाकी आहे. दहीभात मी आणीन.

पुस्तक माझ्या नावे केलेस, त्याचे आभार मानायचे राहिले होते. ते आज मानते. पुढचे कुणाच्या नावे करायचे ते जयवंताला बघून ठरव. लिहिणारी येते आहे असे मी तिला सांगून बसले आहे. मला खोटे पाडू नकोस.

आशीर्वाद आहेतच. उत्तर येऊनच दे.

तुझी आत्या,
शकुंतला