तुझ्या पिस्तुलापायी

प्रिय दादा,

गेल्या शनिवारी सकाळी पूजेला बसलो आणि अर्ध्यावर उठलो. रामरक्षा म्हणताना तीनदा चुकलो. मग तसाच कोट चढवला आणि हाउन्सलोहून बस, ट्रेन, पुन्हा बस असं करत तुझ्या नेमबाजीच्या क्लबवर गेलो. तिथून आल्यापासून तुझ्यावर इतका संतापलो आहे, की बोलायला दुसरं कुणी सापडत नाही. म्हणून हे पत्र.

क्लबच्या म्हाताऱ्या सेक्रेटरीने वहिनींना दोनदा पत्र पाठवलं होतं. मालक गेला, आता पिस्तुलाचं काय करायचं ते कळवा. वहिनींनी पाकिटं न फोडताच माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच बघा. मला त्यातलं काही कळत नाही."

सेक्रेटरीने मला चहा दिला, तुझं भरभरून कौतुक केलं आणि एक निळी फाइल पुढे ठेवली. तुझे निशाणाचे कागद. प्रत्येकावर तारीख, वेळ आणि हवा कशी होती तेसुद्धा! तू शाळेच्या वह्यासुद्धा अशाच ठेवायचास. गुरुजी त्या वर्गभर फिरवायचे आणि मला म्हणायचे, बघ, भाऊ कसा आहे तो.

ती फाइल मी तिथेच बसून शेवटपर्यंत चाळली. दादा, तू मला फसवलंस.

तू ते पिस्तूल घेतलंस तेव्हा मीही खूश झालो होतो, हे खरं आहे. लढाईच्या काळातलं, सैन्याने मोडीत काढलेलं, सहा काडतुसांचं. मुठीचं लाकूड झिजलेलं, नळीवर सरकारी बाणाचा शिक्का. इतकं स्वस्त कसं, म्हणून मी विचारलं होतं. तू म्हणालास, "अरे, या देशात पिस्तूल घरी ठेवता येत नाही. क्लबच्या तिजोरीत ठेवायचं, तिथेच उडवायचं आणि तिथेच ठेवून यायचं. असली बायको कोण करतो?" वहिनी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही केलीत की."

त्यासाठी तुझी दोन वर्षं गेली. फॉर्म, फोटो, ओळखीच्या माणसांच्या सह्या, घरी येऊन प्रश्न विचारणारा पोलीस. वहिनींनी त्याला चिवडा दिला, तर तो तिखटाने लालबुंद झाला. आता लायसन्स मिळत नाही, असं तू दोन दिवस म्हणत होतास.

हे सगळं बापूंसाठी होतं, हे मला न सांगता कळलं होतं. बापू फौजेत आर्मरर. जन्मभर दुसऱ्यांच्या बंदुका दुरुस्त केल्या, पण आपल्या बापाच्या स्वतःच्या नावावर एकही नव्हती. गावी परतल्यावर पंप आणि शिलाई मशिनं नीट करायचे, तरी अंगाला वास तोच, बंदुकीच्या तेलाचा. पहिल्यांदा मला क्लबवर नेलंस, तेव्हा ती तेलाची चिंधी माझ्या नाकाशी धरलीस. आपण दोघं पन्नाशीचे बाप्ये, चिंधी हुंगत उभे. बाकीचे गोरे लोक आदबीने दुसरीकडे बघत होते.

चाप जड होता. तू श्वास सोडायचास, थांबायचास आणि मग हळूच ओढायचास. मी मागे कानावर मफ लावून उभा. सहा बार झाले की तू मान वळवून बघायचास, लहानपणी विहिरीत उडी मारून वर आल्यावर बघायचास तसा. ते बघण्यासाठी मी किती रविवार आलो असेन!

आणि मग तो खंडेनवमीच्या आधीचा रविवार. तिसरा बार काढलास आणि तुझा उजवा हात खाली आला. पिस्तूल फळीवर ठेवलंस, नशीब. तू माझ्याकडे वळून काहीतरी म्हणालास आणि ते शब्द नव्हतेच. तोंडाची एक बाजू उतरली होती. मी तुला बाकावर बसवलं. दहा मिनिटांत तू पूर्ववत झालास आणि हसून म्हणालास, हात झोपला होता रे.

हात झोपला की तोंड वाकडं होतं का, दादा? मला तू इतका खुळा समजत होतास?

गाडीत मी सांगत होतो, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. तू ऐकून घेतलंस आणि मग खरं कारण सांगितलंस. डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर तुझ्या नावापुढे बंदूकवाला अशी खूण आहे. असं काही सांगितलं की तो पोलिसांना कळवणार, पोलीस लायसन्स काढून घेणार, पिस्तूल जाणार. "मिळवायला दोन वर्षं लागली. एका हाताच्या मुंग्यांसाठी घालवू?"

मी म्हणालो, मग मी वहिनींना सांगतो. मला वाटलं, तुला पटलं.

खंडेनवमीला नेहमीसारखे तुम्ही मेडनहेडहून आमच्याकडे आलात. पाटावर बापूंची पक्कड, त्यांचा पाना, तुझा लॅपटॉप, माझा कार्गो शेडमधला स्कॅनर. वहिनी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या. आरती होताच तू माझा हात धरून त्या पान्यावर ठेवलास. ओलं कुंकू माझ्या बोटांना लागलं. "बापूंची शपथ आहे तुला. हिला सांगितलंस तर मी तुझा कोणी नाही."

तुला माहीत होतं, मी ती मोडणार नाही. तू स्वतः देवळात जोडे काढायलाही कंटाळणारा माणूस. पण तुझा धाकटा भाऊ अशा गोष्टी मानतो, हे तू बरोबर हेरलं होतंस. माझ्या श्रद्धेचा तू कुलपासारखा उपयोग केलास. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आणि त्याहून जास्त राग माझा येतो, कारण किल्ली माझ्याकडे होती.

मी स्वतःला समजावलं, एकदाच झालंय. त्यानंतर तू मला क्लबवर नेलंच नाहीस, पण दर फोनवर तूही तेच सांगायचास. ठणठणीत आहे, पुन्हा काही नाही.

निळ्या फाइलमधला त्यानंतरचा तिसरा कागद बघ. सगळी भोकं डावीकडे खाली उतरली आहेत. पाचवा बघ. सहा बारांपैकी कागदाला दोनच लागलेत. सातव्यावर एकही भोक नाही आणि तुझं ते मोत्यांसारखं अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं, तारखेतला आकडा अर्धाच. सेक्रेटरी म्हणाला, संधिवात आहे असं तो सांगायचा, आम्ही विश्वास ठेवला. शेजारच्या लेनमध्ये माणसं उभी असायची, दादा. भरलेलं पिस्तूल हातात आणि हात तुझा नव्हता. कुणाला लागलं असतं तर? बापूंनी आयुष्यात एकदा तरी असं हत्यार हातात धरलं असतं का?

तो कोरा कागदसुद्धा तू तारीख घालून फाइलला लावलास. कुणासाठी?

डिसेंबरात वहिनी मुग्धाच्या नव्या घरी ग्लासगोला गेल्या. तू फोन उचलेनास, म्हणून त्यांनी मला पाठवलं. किल्लीने दार उघडलं. तू स्वयंपाकघरात खाली होतास. त्याबद्दल लिहीत नाही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, मेंदूचा मोठा झटका आहे, आधी काही लक्षणं होती का? वहिनी म्हणाल्या, नाही हो, कधीच नाही. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

तेव्हापासून वहिनी एकच गोष्ट उगाळतात. मी ग्लासगोला गेले नसते तर. मी घरी असते तर. मी नीट बघितलं असतं तर दिसलं असतं. मुग्धा तिच्या मराठीत समजावते, "आई, तुझा चूक नाही आहे." वहिनी मान हलवतात. त्यांनी भात सोडला, टीव्ही सोडला. ग्लासगोला जाणंही सोडलं, म्हणजे लेकच सोडली. दर रविवारी मी समोर बसून ऐकतो, चहा पितो आणि घरी येतो.

तू गेलास ते गेलास. पण जाताना तुझा गुन्हा बायकोच्या डोक्यावर ठेवून गेलास आणि मला पहारेकरी नेमलंस.

तुला एवढं काय हवं होतं त्यात? पुन्हा पुन्हा विचारतो. सरकारनेही टाकून दिलेली वस्तू होती ती. वहिनींनी त्यासाठी नवरा का द्यायचा?

काल रविवार होता. सकाळी देवापुढे बसलो आणि बापूंना सांगितलं, तुमची शपथ मोडायला निघालोय, काय पाप लागायचं ते मला लागू दे. मग मेडनहेडला गेलो. चहा घेतला नाही. फाइल टेबलावर ठेवली आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. शपथही सांगितली, हॉस्पिटलमधलं माझं गप्प राहणंही सांगितलं.

वहिनींनी एकेक कागद पाहिला. कोऱ्या कागदावरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, सहा महिने माझ्यासमोर बसून चहा प्यायलात तुम्ही."

त्यांनी फाइल मिटली.

"तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत, मला न विचारता. माझा नवरा होता तो." तुला त्यांनी पहिल्यांदाच अरेतुरे केलं. पाकिटातला क्लबचा कागद मागून घेतला. विकायचं, कुणाच्या नावावर करायचं की नष्ट करायचं, असे तीन चौकोन होते. नष्ट करण्यावर खूण केली, सही केली आणि म्हणाल्या, "आता जा तुम्ही. पुढच्या रविवारी येऊ नका."

मी येईन, दादा. त्यांनी दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन, त्याच्या पुढच्या रविवारीही बसेन. शिव्या देतील त्या घेईन. आणि यापुढे देवाच्या, बापूंच्या किंवा तुझ्या नावाने मला कुणी गप्प बसवू शकणार नाही, हे तुला लिहून देतो. तू भाऊ मानणार नसशील तर नको मानूस.

बाहेर पायऱ्यांवर मी बुटांच्या नाड्या बांधत होतो. दार लोटलेलं होतं. आत वहिनींनी ग्लासगोला फोन लावला होता. रडत होत्या, पण आवाज मोकळा होता.

"मुग्धा, माझ्यामुळे नाही गं गेले ते."

तुझा,
दिनू