चौदा जणांचा वर्ग

तन्मय,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं.

मी इथे दुबईत एलएलएम करणार हे आपल्या वर्गातल्या सृष्टीने तुला सांगितलं. त्यावर तू तिला म्हणालास म्हणे, "शुभ्राला सांग, दीडशे जणांचा वर्ग घे. नेटवर्किंग होईल. छोट्या बॅचमध्ये दर लेक्चरला बोलावं लागतं, ते तिला झेपणार नाही." ब्रेकअपनंतर पहिल्यांदा आठवण काढलीस, ती यासाठी!

मोठ्या वर्गाचं कौतुक मला सांगू नकोस. पुण्यात आपण तशाच वर्गात होतो. मूट कोर्टच्या लुटुपुटूच्या खटल्यांसाठी मुद्दे मी लिहायचे आणि तू कोट घालून ते बोलायचास. त्या गर्दीत सरांना माझं नावही माहीत नव्हतं. माझ्या त्याच मुद्द्यांच्या जोरावर तुला इथली नोकरी मिळाली, आणि मग मी तुला शोभेनाशी झाले.

काल इथल्या अल मनखूल भागातल्या घरी मोठ्या वर्गाच्या आणि छोट्या बॅचच्या अशा दोन्ही कॉलेजांच्या वेबसाइट उघडून बसले. छोट्या बॅचमध्ये फक्त चौदा जण घेतात. तिथल्या शिकवणाऱ्यांमध्ये तुझा फोटो दिसला, टाय लावलेला. माझी एवढी काळजी तुला का वाटतेय, ते तेव्हा कळलं.

खलास. मी तिथेच प्रवेश घेतलाय. हे पत्र पाठवणार नाही, पहिल्या दिवशी हजेरी घेताना तुला कळेलच. मग खुशाल मुद्दे मांड. ते कोणाचे आहेत हे ओळखणारी समोरच बसलेली असेल.

न झेपणारी,
शुभ्रा