वर्षभर टिकणारा टाका

आई,

काल इथल्या मुलींच्या शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शिवणकामाची परीक्षक म्हणून अजून बोलावतात आणि मीही पदर खोचून जाते. एका मुलीनं आजीच्या मदतीनं गोधडी केली होती. टाका लांब, सैल, ओळ वाकडी. मी ती उलटीपालटी करून पाहिली आणि "छान आहे" म्हणाले. माझ्या तोंडून हे सहसा निघत नाही, त्यामुळे शेजारच्या बाई चमकून बघायला लागल्या. घरी आले आणि तुला लिहायला बसले. पूर्वी लिहायचे ती पत्रं तुझी नव्हतीच. तुला वाचता येत नव्हतं. मी पुण्याहून धाडलेलं पत्र वडील ओटीवर बसून मोठ्यानं वाचणार आणि सगळं घर ऐकणार, म्हणून त्यात मी खुशाल आहे आणि जेवण बरं आहे यापलीकडे काही नसायचं. आता ते मोठ्यानं वाचणारं कोणी उरलं नाही.

तू आणि माझ्या दोन मावश्या सख्ख्या बहिणी नव्हतात, पण तुम्हा तिघींचं माहेर एकच गाव, आणि ते धरणाच्या पाण्यात गेलेलं. पाणी आलं तेव्हा तुमची लग्नं झालेली होती. तू मळवलीला, एक मावशी कुसगावला, एक तळेगावकडच्या नवलाख उंबऱ्याला. आईबाप, भाऊ जिथे जमीन मिळाली तिथे पांगले, काही घाट उतरून खाली गेले. सणाला बाकीच्या सुना माहेरी जायच्या. तुम्हाला जायला गावच नव्हतं, आणि तुम्ही एकमेकींकडे नुसत्या भेटायला जाणं हे त्या काळी कोणत्या सासूच्या पचनी पडलं असतं? काम असेल तर बाई घराबाहेर पडणार. ते काम तुम्ही शोधून काढलंत. वैशाखात, भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले की, त्या दोघी आपापल्या घरच्या उसवलेल्या गोधड्या डोक्यावर घेऊन आपल्याकडे यायच्या आणि चार दिवस मागच्या पडवीत तुम्ही तिघी मिळून तिन्ही घरांच्या गोधड्या शिवायच्या. आजीला, म्हणजे तुझ्या सासूला, हे पसंत होतं. नुसत्या भाकऱ्यांवर कामाला दोन जास्तीचे हात मिळत होते.

पडवीतलं जमिनीवरचं ते जुनं लुगडं, त्यावर धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. तुम्ही तिघी तीन कडांनी बसलेल्या आहात आणि आत आत सरकत शिवताय. बोलणं सगळं त्या गावाचं. कोणाच्या परड्यातला फणस गोड होता, कोणाची म्हैस विहिरीत पडली होती. मी तुमच्या मधे, शिवून झालेल्या भागावर लोळते आहे. त्या गावात मी कधी गेले नाही, पण आजही कोणी विचारलं तर चावडीपासून देवळापर्यंतची घरं ओळीनं सांगेन.

टाक्याचं मला लहानपणीच कळलं होतं. माझं परकर-पोलकं तू शिवायचीस तेव्हा टाका मोहरीएवढा. आणि गोधडीवर बोटभर लांब, ढिला. मी विचारलं, तर उंबऱ्याची मावशी हसली. "घट्ट घातला तर पुढल्या साली काय शिवायचं?" तू तिला डोळ्यांनी दटावलंस आणि मला म्हणालीस, "हे आजीला बोलायचं न्हाई. कळलं?" मी बोलले नाही. एवढी गोष्ट मी पोटात ठेवू शकते याचा मला फार तोरा होता. शिमगा झाला की घरातल्या गोधड्या इंद्रायणीवर नेऊन आपटायच्या, आणि त्या उसवल्या की नाही हे बघायला तुझ्यापेक्षा मलाच जास्त घाई असायची.

मग एका वर्षी दिवाळीनंतर कुसगावची मावशी अवचित दारात आली. तिचा नवरा लोणावळ्याच्या एका बंगल्यात माळी होता. बंगल्यातल्या बायकांच्या मंडळानं घरगुती शिवण-टिपणाचं प्रदर्शन ठरवलं होतं, आणि खेड्यातल्या बायकाही त्यात हव्या होत्या. "गोधडी घिऊन या म्हनल्या, आन् तितंच बसून शिवून दावा," मावशी सांगत होती. "दोन दिस. जेवान बी तिकडंच." तुझा चेहरा मला आठवतो. बक्षीस, नाव, काही तुझ्या डोक्यात नव्हतं. वैशाखाच्या आधी आणखी दोन दिवस मिळणार, एवढंच तुला दिसलं. उंबऱ्याला निरोप गेला. आजी परवानगी देईल का ही धास्ती होती, तर आजी म्हणाली, मी बी येती. तिला बंगला आतून बघायचा होता.

निघायच्या आदल्या दिवशी उंबऱ्याची मावशी तळेगावहून गाडीनं आली. तू गोधडी उलगडलीस आणि तुझं मन खट्टू झालं. "ही न्यायची? एक टाका धड न्हाई. लोकं काय म्हनतील?"

"मग घाल की धड," मावशी म्हणाली. "आन् सासूला दाव, ह्यो बघा माजा खरा हात. पुढल्या सालापासनं आमी घरी बसतो. आगं, आपन नंबर काडाया चाललोय का? बसाया चाललोय."

तू हसलीस आणि गोधडी घडी करून ठेवलीस. एवढं सगळं समजत असूनही तुम्ही सासूला बरोबर घेऊन त्या गोधडीसकट जाणकार बायकांच्या पुढ्यात जाऊन बसलात, याचं मला आजही नवल वाटतं. दोन दिवसांच्या लोभानं तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही.

बंगल्याच्या दिवाणखान्यात क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, कशिद्याच्या उशा मांडल्या होत्या. तुमची गोधडी दोरीवर टांगली होती. अंथरलेली किंवा पांघरलेलीच गोधडी मी पाहिलेली. उभी टांगलेली ती पहिली. खिडकीचा उजेड तिच्या सैल जागांमधून येत होता. तुम्ही तिघी खाली जाजमावर दुसरी एक गोधडी पसरून शिवत बसला होतात, आणि येणारे-जाणारे बघत होते. पहिला दिवस फार मजेत गेला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक बाई परीक्षक म्हणून आल्या. चष्मा, रेशमी लुगडं, बोलणं गोड. खरंच गोड होत्या, उगाच कशाला नावं ठेवू. त्यांनी टांगलेल्या गोधडीत बोट घातलं.

"रंग किती सुरेख बसवलेत हो! पण टाका बघा हा. आरपार बोट जातंय. दोन धुण्यांत उसवेल ही."

"उसवतीच की," आजी कौतुकानं म्हणाली. "दर साली उसवती, दर साली शिवत्यात."

"दर वर्षी? अहो आजी, नीट शिवली तर दहा वर्षं बघायला नको!"

"धा?" आजी म्हणाली.

इथवर सगळं सावरण्यासारखं होतं. तू खाली मान घालून बोटभर टाके घालत होतीस. खेडवळ बाईला येत नाही, एवढं म्हणवून घेतलं की विषय संपला असता. पण त्या बाई तुझ्याजवळ जाजमावर बसल्या, बारीक सुईत दोरा ओवला आणि जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "यांचा काही दोष नाही. लहानपणी आईनं शिकवायला हवं. पण त्यांच्या आयांनाच कुठे येत होतं बिचाऱ्यांना!" मग त्यांनी दोन टाके घालून दाखवले आणि सुई तुझ्या हातात दिली.

मी समोर बसले आहे. तुझ्या मानेला लाली चढलेली मला दिसते आहे. कुसगावची मावशी पुटपुटते, "आगं, ऱ्हाऊ दे." उंबऱ्याची मावशी खिडकीतून बागेकडे बघते आहे. तू सुई घेतेस आणि कडेपासून वीतभर ओळ घालतेस. मोहरीएवढा टाका, एकाला एक मापून घातल्यासारखा. मला वाटलं, आता त्या बाई खजील होतील. कशाच्या खजील! त्यांनी टाळी वाजवली. "बघितलंत? एकदा दाखवलं की कसं झटकन येतं! हुशार आहे हो ही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि लवकर शिकल्याबद्दल तुला रिळांचा डबा बक्षीस मिळाला. मजबूत दोरा होता तो, विलायती.

टाळ्या न वाजवणारी एकटी आजी. ती खाली वाकून ती वीतभर ओळ बघत होती. बाईंनी काहीही म्हणो, सून दोन टाके बघून असं शिवायला लागत नाही हे तिला कळत होतं. "हात चांगला हाय की तुजा," एवढंच ती म्हणाली.

स्टेशनात आजी पाणी प्यायला नळाकडे गेली तेव्हा उंबऱ्याची मावशी तुझ्यावर तुटून पडली. "तुला काय झालतं गं?"

"माज्या आयेला बोलली ती."

"तुजी आये मेली कवाच. मेलेल्या मानसाला कुटं लागतंय बोलनं? आपन जित्या हाय."

दोघींपैकी मी कोणाच्या बाजूची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मात्र मला तुझा अभिमान वाटला होता. माझी आई टाळ्या घेणारी बाई आहे, एवढंच मला दिसलं होतं.

त्या वैशाखात त्या दोघी आल्या. आजीनं पाट मांडला, पानाचा खलबत्ता घेतला आणि तुमच्याशेजारी ठाण मांडलं. "बारीक घाला. धा वरसं बघाया नगं." रिळांचा डबा मधे होता. गावाचं बोलणं बंद, कारण आजी समोर. बारीक टाक्याला वेळ फार लागतो, त्यामुळे चार दिवसांचं काम आठवड्यावर गेलं. इतके दिवस तुम्ही पूर्वी कधी एकत्र राहिला नव्हतात, आणि खलबत्त्याच्या आवाजाखेरीज पडवीत काही ऐकू येत नव्हतं.

पुढल्या वर्षी गोधड्या नदीवरून धुऊन आल्या. तू एकेकीच्या कडेवरून बोट फिरवत गेलीस. एकही उसवली नव्हती. आजी खूश झाली. वाईट नव्हती ती. काटकसरी होती, आणि तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, तू एखादी गुपचूप उसवशील. तू तसं केलं नाहीस. आजीची भीती होती की आपला चांगला टाका तोडायला हात होत नव्हता, हे मी विचारायला हवं होतं. त्यानंतर त्या दोघी आल्या नाहीत. कुसगावची मावशी लोणावळ्याच्या बाजारात कधी ओझरती दिसायची. उंबऱ्याच्या मावशीचा थोरला मुलगा गेला, ते तुला भात कापून झाल्यावर कळलं, आणि तो गेला होता पावसाळ्यात. त्या दिवशी तू चुलीपुढे बसून रडलीस. सगळ्यांना वाटलं, धूर झालाय.

तू तापानं गेलीस तेव्हा मी पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते. मी पोचले तेव्हा तुझ्या अंगाखाली त्याच बारीक टाक्यांच्या वर्षीची गोधडी होती, आणि ती धड होती. मला तिचा संताप आला. माणसं गेल्यावर लोक देवाचा राग करतात. मी गोधडीचा केला.

तेराव्याला दोघी आल्या होत्या, कोपऱ्यात बसून गेल्या. पुढे मला लोणावळ्याच्या शाळेत नोकरी लागली, राहायला दोन खोल्या मिळाल्या. तुझ्या लुगड्यांचं गाठोडं माझ्याकडे होतं. वैशाखात मी दोघींना निरोप धाडला की आईच्या लुगड्यांची गोधडी करायची आहे, या. आल्या. खाली अंथरून बसल्या आणि बोलायला लागल्या, फणसापासून. मी एव्हाना मुलींना शिवण शिकवत होते, बारीक टाक्यासाठी हातावर पट्टी मारणारी बाई म्हणून माझी ख्याती होती. मी बघत होते. टाका बोटभर लांब, ढिला. उंबऱ्याच्या मावशीनं मान वर केली नाही. "असं बघू नगंस. पुढल्या सालाला उसवंल. मंग यिऊ आमी."

आल्या. बरीच वर्षं आल्या. पण मला ती गोधडी अंगावर घ्यायचा धीर होत नसे, धुवायचाही नाही, आणि पेटीत ठेवलेली गोधडी कितीही सैल शिवली तरी कशी उसवणार? म्हणून दर चैत्रात मी कात्री घेऊन बसायचे आणि तुझ्या लुगड्यांवरचे टाके कापायचे. झिजलेला दोरा कोणता आणि कापलेला कोणता हे त्या दोघींना न कळण्याइतक्या त्या खुळ्या नव्हत्या. "लय उसवली गं औंदा," कुसगावची मावशी म्हणायची आणि सुई ओवायची.

शेवटच्या वर्षी मी ती नेहमीसारखी कापून ठेवली. वैशाख गेला, ज्येष्ठ आला. कुसगावची मावशी गेल्याचं कळलं, आणि दुसरीला दिसेनासं झालं होतं. गोधडी तशीच सुटी पेटीत आहे. मला शिवता येतं, आई. एका दुपारचं काम आहे. पण एकटीनं शिवली तर ती घट्ट होईल, माझ्या हाताला दुसरा टाका येत नाही.