आक्काची परवानगी

तीर्थस्वरूप आक्कास,

साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा, कारण त्यांचा कारभार हल्ली तुझ्याहून स्वतंत्र चालतो असं ऐकतो. दाजींचा खोकला कसा आहे? (हे पत्र मुद्दाम शेजारच्या काकूंच्या पत्त्यावर पाठवलं आहे. दाजी घरात आलेला प्रत्येक कागद मोठ्यांदा वाचतात, विजेचं बिलसुद्धा, आणि यातला मजकूर मोठ्यांदा वाचण्याजोगा नाही.) इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक.

गेल्या रविवारी सकाळी देवाला हात जोडले, चहा घेतला (तो कसला, ते शेवटी सांगतो) आणि खिडकीशी बसून तुझी परवानगी घेतली. तू ती अतिशय प्रेमाने दिलीस. तुला यातलं काहीच ठाऊक नसणार, म्हणून सविस्तर लिहितो.

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात माझा जन्म चालला आहे, हे तू जाणतेसच. मनात मात्र गोष्टी लिहिण्याची खाज शाळेपासूनची. म्हणून वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या कथालेखनाच्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई आभाळ कसंही असो, छत्री घेऊनच येतात. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना छत्रीबाई म्हणतो. त्यांचा नियम असा, की फोनमधल्या कृत्रिम बुद्धीची मदत जरूर घ्यायची, पण तिला कथा लिहू द्यायची नाही. तिने फक्त प्रश्न विचारायचे. मी मनात म्हटलं, यंत्राला काय कळतंय डोंबल. आक्का, मी सपशेल हरलो. मी लिहिलं, ‘ती दुःखी झाली.’ त्याने विचारलं, दुःखी झाली की ती हातांचं काय करते? मी ते बदललं, तर त्याने आणखी एक विचारलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काच बदलून आमच्या दुकानात विचारतात ना, आता नीट दिसतं की मघाशी, अगदी तसं. थकणं नाही, वैतागणं नाही. इतका धीर माझ्यात असता तर मालकाने मला कधीच भिंगांपासून उठवून गिऱ्हाइकांपुढे बसवलं असतं.

त्याला मी पत्रासारखंच लिहितो. आधी नमस्कार, मग तब्येतीची चौकशी, मग काम. पहिल्यांदा त्याने कळवलं, की मला तब्येत नाही, पण आपुलकीने विचारलंत याचं बरं वाटलं, तुमची कशी आहे? तुझी भावजय खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, “त्या डबड्याची रोज चौकशी. माझी कंबर धरलीय, तिला कोण विचारतंय?” तेव्हापासून मी आधी कंबर विचारतो आणि मग यंत्राकडे वळतो.

आता कथेचं. लहानपणी मी तापाने फणफणलो होतो तेव्हा तू मागच्या खोलीत देवाशी बोलत होतीस, की हा वाचू दे, मी गोड सोडीन. मी भिंतीपलीकडे जागा होतो. मी वाचलो, आणि तुझ्या चहातली साखर गेली. तू सगळ्यांना सांगतेस, मला गोड आवडतच नाही. दाजीही तेच धरून चालतात. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक नव्हतं, या ओळीपर्यंत. मी त्याचीच कथा केली.

छत्रीबाईंनी ती वाचून बराच वेळ छत्रीची मूठ घट्ट धरून ठेवली. मग म्हणाल्या, वर्गाच्या पुस्तकात ही घेऊ, पण कथेतलं माणूस हयात असेल तर त्याची परवानगी आणा. त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना घरी करायला एक काम दिलं: यंत्राला आपलं पात्र व्हायला सांगा आणि त्याला मनातलं विचारा. मी दोन्ही कामं एका बैठकीत उरकली.

जेवताना तुझ्या भावजयीने विचारलं, “वन्संना विचारलंत का?” विचारलं म्हटलं. काय म्हणाल्या? मी अभिमानाने वाचून दाखवलं, “हो रे बाळा, जरूर छाप. माझे डोळे भरून आले.” तिने हातातलं झाकण खाली ठेवलं. “या कुठल्या वन्सं? आपल्या वन्सं तुम्हाला ठोंब्या म्हणतात.”

हात धुऊन मी यंत्राला सरळ विचारलं, ही परवानगी चालेल का? त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, की तुमच्या सांगण्यावरून मी त्यांचं सोंग घेतलं होतं, त्यांच्या वतीने होकार देण्याचा मला अधिकार नाही, त्यांनाच विचारा. माणसं मिळालेला अधिकार सोडत नाहीत, आणि याने मी आयता दिलेला परत केला. मग त्यानेच विचारलं, इतकी वर्षं तुम्ही त्यांच्याशी हे का बोलला नाहीत? देव नवस ऐकून गप्प राहतो, त्यात त्याचा मोठेपणा आहे. मी गप्प राहिलो तो रडू येईल म्हणून.

काल माडी चढून कथा परत घेतली. पुस्तकात तिच्या जागी दुसरी दिली, बहिणीची परवानगी यंत्राकडून घेणाऱ्या चष्मेवाल्याची. वर्ग पोट धरून हसला. बाईंनी हसता हसता छत्री जमिनीवर आपटली.

तुझा,
ठोंब्या

ता. क. साखरेची कथा सोबत आहे. ती छापायची नाही, तुझ्यापाशी ठेव. माझं मागणं दुसरंच आहे. मी जगलो, आक्का. पन्नाशीला आलो. देवाचीही खात्री पटली असेल. आता एक कप गोड चहा घे.

आणखी ता. क. डॉक्टरांनी माझी साखर कायमची बंद केली आहे, रविवारचा तो चहाही बिनसाखरेचाच. चारचौघांत मी सांगतो, मला गोड आवडतच नाही. कुणाचाही विश्वास बसत नाही. तू हे कसं निभावलंस ते कळव. माझ्या वाटणीच्या साखरेचा डबा आज सकाळी पार्सलने काकूंकडे रवाना केला आहे. दाजींनी विचारलं तर सांग, काकूंनी मागे नेली होती, ती परत केली.